फोटो कुठे लागणार, ते आधी विचारा

माझा धंदा साड्या नेसवण्याचा. लग्नसराईत नवऱ्या मुली आणि बाकी वर्षभर नागपूरच्या गांधीबाग-इतवारीतल्या कापड दुकानांच्या कॅटलॉगसाठी उभ्या राहणाऱ्या मुली. वीसेक वर्षं हेच करते आहे. कॅटलॉगमध्ये ब्लाउज अंगावर शिवल्यासारखा दिसतो ना, तो पाठीमागून सहा-सात काळ्या क्लिपांनी ओढून धरलेला असतो. ऑफिसात कागदांच्या गठ्ठ्याला लावतात त्याच क्लिपा. निऱ्यांच्या आत टाचण्या, पदरामागे सेलोटेप. समोरून राणी, मागून स्टेशनरीचं दुकान. मुलगी दिवसभर पाणी बेतानं पिते, कारण बाथरूमला जायचं म्हणजे सगळं सोडायचं आणि पुन्हा वीस मिनिटं माझ्यापुढे खांबासारखं उभं राहायचं.

त्या वीस मिनिटांत मुली बोलतात. फोटोग्राफर लाइट लावत असतो, दुकानदार फोनवर असतो आणि मी पायाशी बसून निऱ्या काढत असते. तेव्हा वरून हळू आवाजात प्रश्न येतो, “काकू, एक काम आलंय. घेऊ का?”

आजवर जिला तिला सुचेल तसं उत्तर देत आले. आता एकदाच नीट लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात मानेवाड्याकडची एक पोरगी घरी आली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका दुकानदाराने तिला इन्स्टाग्रामवर पाहून विचारलं होतं. एक दिवस, बारा साड्या, पाच हजार रुपये. घरात आठवडाभर खल चालला होता. वडिलांचा प्रश्न, कपडे कसे असतील? भावाचा, तिथे कोण कोण असेल? आजीचं म्हणणं, लोक काय म्हणतील. आईला एकच काळजी, पुढे लग्नाला आडवं तर येणार नाही ना? आणि पोरीच्या पर्समध्ये घडी घातलेला दोन पानी इंग्रजी कागद होता, दुकानदाराने सहीसाठी दिलेला. तो घरात कोणीच वाचला नव्हता. तिनेही नाही.

मी म्हटलं, “बाई, आधी चष्मा आण माझा.”

आपल्या घरांमध्ये असं काम आलं की सगळी चौकशी त्या एका दिवसाची होते. तो दिवस तर संध्याकाळी सहाला संपतो. क्लिपा काढल्या, साड्या घडी घालून पेटीत गेल्या, मुलगी ऑटोत बसून घरी. पुढे वर्षानुवर्षं बाहेर हिंडतो तो फोटो. पाच हजारांत तुम्ही दिवस विकत नाही, आपला चेहरा वापरायची परवानगी देता. ती परवानगी केवढी, कुठवर, किती दिवस आणि कोणाला, एवढं ठरवायचं असतं. बाकी सगळं त्याच्या मागून.

एक घडलेली गोष्ट सांगते. नंदनवनातल्या एका मुलीने ओळखीच्या ब्युटी पार्लरवालीसाठी नवरीचा मेकअप करून फोटो काढून घेतले. पैसे नाहीत, बदल्यात चार छान फोटो. नथ, मुंडावळ्या, हिरवा चुडा, सगळा साज. मीच नेसवली होती तिला नऊवारी. फोटो सुरेख आले. कागद वगैरे काही नाही, घरचंच काम. वर्षभराने तिच्या वडिलांच्या मित्राचा फोन आला, “अरे, हे आपली पोरगी होय न? लग्न केलं अन् बोलावलं पण नाही!” चौकात एका वधू-वर सूचक मंडळाचा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर ही, मुंडावळ्या बांधून, शेजारी कुठलातरी अनोळखी नवरदेव चिकटवलेला. पार्लरवालीने फोटो फ्लेक्स छापणाऱ्याला दिला होता, त्याच्याकडून तो पुढे गेला. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. फ्लेक्सवाल्याला नवरी हवी होती, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नवरी होती. मुलीचं तेव्हा खरंच एका ठिकाणी बोलणं चाललं होतं. ते फिसकटलं त्याला हाच फोटो कारण होता असं मी म्हणणार नाही, पण त्या घराला आठ दिवस सगळ्यांना उत्तरं देत बसावं लागलं.

यात फोटो वाईट नव्हता. कपडे तर आजीच्या पसंतीचे, नऊ वार अंगभर. तरी चुकलं. घरच्यांचा “कपडे कसे असतील” हा प्रश्न इथे काहीच कामाला आला नाही.

फोटो भटकतो तो फक्त पार्लरवालीकडूनच, असं नाही. २०२४ च्या जुलैमध्ये राज्याच्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत पुणे जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला आपला तीन वर्षांपासून बेपत्ता असलेला माणूस दिसला. जाहिरातीत फोटो आहे म्हणजे माणूस कुठेतरी आहे, तो शोधून द्या, म्हणून घरच्यांनी विनवण्या केल्या. वर्तमानपत्रांत तेव्हा हे सगळीकडे आलं होतं. फोटो कोणाचा, कुठला, त्याला विचारलं होतं का, हे जाहिरात करणाऱ्याने बघायचं असतं. तो बघतोच असं नाही. म्हणून आपण बघायचं.

आता तो कागद. त्याला कोणी रिलीज फॉर्म म्हणतं, कोणी एनओसी, कोणी नुसतं ॲग्रीमेंट. मानेवाड्याच्या पोरीच्या कागदावर जे होतं तेच बहुतेक सगळीकडे असतं, कारण हे फॉर्म इंटरनेटवरून उतरवलेले असतात आणि देणाऱ्यानेही ते धड वाचलेले नसतात. त्यात तीन शब्द शोधा: ‘ऑल मीडिया’, ‘वर्ल्डवाइड’ आणि ‘इन परपेच्युइटी’. मराठीत सांगायचं तर कुठेही, जगभर आणि कायमचं. म्हणजे दुकानाच्या कॅटलॉगसाठी म्हणून काढलेला फोटो उद्या शहर बसच्या पाठीवर, परवा पेपरात आणि तुम्हाला नातवंडं झाली तरी कुठेतरी. चौथा शब्द ‘थर्ड पार्टी’ किंवा ‘असाइन्स’. तो असला तर दुकानदार तुमचा फोटो तिसऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. तो तिसरा मूळव्याधीच्या दवाखान्याचा फ्लेक्स करत असेल तर तुम्ही तिथे हसत उभ्या. पाचवा शब्द ‘इर्रिव्होकेबल’. दिलेला होकार परत घेता येणार नाही.

हे शब्द दिसले म्हणजे समोरचा माणूस लबाड, असं समजू नका. बहुतेक वेळा तो फक्त आळशी असतो. पेन घ्या आणि खोडा. ‘ऑल मीडिया’च्या जागी ‘दुकानाचा छापील कॅटलॉग व दुकानाचं इन्स्टाग्राम’ लिहा. ‘परपेच्युइटी’च्या जागी ‘एक वर्ष’ किंवा ‘दोन वर्षं’. ‘थर्ड पार्टी’ पूर्ण काट मारा. खोडलेल्या प्रत्येक ठिकाणी दोघांची सही. एक प्रत तुमच्याकडे, निदान मोबाइलमध्ये फोटो काढून. स्टॅम्प पेपर नाही म्हणून कागदच नको, असं करू नका. साध्या कागदावरची सहीही सहीच असते आणि तेही जमलं नाही तर व्हॉट्सॲपवर सगळ्या अटी लिहून समोरच्याकडून “मान्य” असं उत्तर घ्या. काहीच नसण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. आणि इंग्रजी कळत नसेल तर तसं सांगायला लाजू नका. “मला मराठीत समजावून द्या” म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्या कामाला नाही म्हणायला तेवढं कारण पुरे.

पैशांचा हिशोबही इथूनच बदलतो. बारा साड्या, दुकानाचा कॅटलॉग, एक वर्ष, याला पाच हजार ठीक असतील. तोच फोटो वर्धा रोडवरच्या होर्डिंगवर लावायचा तर तेवढ्यात का द्यायचा? मुंबईत मुरलेले मॉडेल दिवसाचे पैसे वेगळे सांगतात आणि वापराचे वेगळे. मुदत संपली आणि पुढे वापरायचा असला की पुन्हा पैसे. नागपुरात ही पद्धत रुजली नाही, कारण इथे कोणी मागतच नाही. आमच्या पोरींना वाटतं, फोटो मोठा लागला म्हणजे आपलं नाव झालं. होतंही. पण दुकानाचं जास्त होतं.

फोटोचा मालक कोण, याबद्दल लोकांच्या डोक्यात फार गोंधळ आहे. “माझा फोटो म्हणजे माझाच ना?” असं मुली विचारतात. चेहरा तुमचा, फोटो तुमचा असेलच असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, आणि साधारणपणे पहिला मालकही तोच. मात्र एखाद्याने पैसे देऊन आपल्यासाठी फोटो काढवून घेतला, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास मालक तो पैसे देणारा. म्हणजे दुकानाने फोटोग्राफरला पैसे दिले तर फोटो दुकानाचे. आणि तुम्ही स्वतः पैसे मोजून पोर्टफोलिओ काढवून घेतलात तर मालक तुम्ही! हे कितीतरी मुलींना ठाऊक नसतं. वीस-वीस हजार देऊन पोर्टफोलिओ करतात आणि मग फोटोग्राफर तेच फोटो आपल्या जाहिरातीत लावतो तेव्हा गप्प बसतात. लावू द्या, पण विचारून. आणि पार्लरवालीसारखं फुकटातलं काम असेल, ना तुम्ही पैसे दिले ना त्यांनी, तर फोटो काढणाऱ्याचा. फुकटच्या कामातच कागद जास्त लागतो. “घरचंच आहे” हे वाक्य ऐकलं की मी तर कानच टवकारते.

याच गावात जन्मलेल्या एका बाईची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मधू सप्रे. जन्म नागपूरचा, मूळची खेळाडू, १९९२ ची मिस इंडिया. त्याच वर्षी बँकॉकमध्ये विश्वसुंदरी स्पर्धेत ती तिसरी आली. देशाची प्रमुख झालीस तर आधी काय करशील, या प्रश्नावर तिने क्रीडासंकुल बांधीन असं उत्तर दिलं आणि त्यानेच मुकुट हुकला, असं लोक अजून म्हणतात. (मला तर ते उत्तर फार आवडलं होतं. खेळाडू बाई दुसरं काय सांगणार?) तर १९९५ मध्ये टफ नावाच्या बुटांची जाहिरात आली. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, अंगावर फक्त बूट आणि दोघांभोवती वेढलेला अजगर. फोटो प्रबुद्ध दासगुप्तांनी काढलेला, देशातला नावाजलेला माणूस. जाहिरात बघून एवढा गदारोळ झाला की पोलिसांनी अश्लीलतेचा खटला भरला, अजगरामुळे वन्यजीव कायद्याखालीही. आरोपींमध्ये फोटोतले दोघेही होते. निर्दोष सुटले ते १४ वर्षांनी, २००९ मध्ये.

तो फोटो चांगला की वाईट, यावर मी वाद घालत नाही. दोघंही सज्ञान होती, आपल्या मर्जीने उभी होती. मला त्यातून घ्यायचं ते वेगळंच. मानधन एकदा मिळतं आणि कोर्टाची तारीख १४ वर्षं पडत राहू शकते. नाव, ओळख, मुंबईतले वकील, सगळं असलेल्यांचं हे झालं, आपली बी.कॉम.ची पोरगी कोर्टाच्या पायऱ्या कोणाच्या भरवशावर चढणार? म्हणून कागदात आणखी एक ओळ मागा. जाहिरातीवरून कोणी तक्रार केली, खटला झाला, तर कायद्याची जबाबदारी आणि वकिलाचा खर्च जाहिरात देणाऱ्याचा. गहू-तांदळाच्या जाहिरातीत ही ओळ वापरावी लागणार नाही. पण वजन उतरवण्याचं औषध, गोरं होण्याची क्रीम, जमिनीच्या स्कीमा, ऑनलाइन पैसे लावायचे खेळ, असलं काही असेल तर ती हवीच. खरं म्हणजे अशी कामं नाकारलेलीच बरी. लोकांनी त्यात पैसे बुडवले की कंपनीचं ऑफिस कोणाला सापडत नाही, होर्डिंगवरचा चेहरा सगळ्यांना सापडतो.

आता फसवणुकीकडे येते. यावर फार वेळ घालवत नाही, कारण ओळखायची खूण एकच आहे आणि ती सोपी आहे: पैसे कोणाकडून कोणाकडे चालले आहेत? काम म्हणजे त्यांनी तुम्हाला पैसे द्यायचे. रजिस्ट्रेशन फी, कार्ड बनवायचे, ‘परत मिळणारं’ डिपॉझिट, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून’ पोर्टफोलिओ, ग्रूमिंगचा कोर्स, यातलं काहीही कामाच्या आधी मागितलं तर तो धंदा तुमच्या पैशांवर चालतो, तुमच्या फोटोवर नाही. मोठ्या कंपनीचं नाव, मुंबईचा पत्ता, व्हॉट्सॲपवर कंपनीचा लोगो, यावर जाऊ नका. कंपनीच्या दुकानात किंवा ऑफिसात फोन करून विचारा, तुम्ही असं शूट करत आहात का? पाच मिनिटांत कळतं. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जेवढ्या लवकर सांगाल तेवढे पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुसरी खूण फोनवरची. “अंगकाठी बघायची आहे, व्हिडिओ कॉलवर जरा जॅकेट काढ,” “स्विमसूटचे नको, साधे आतल्या कपड्यांतले पाठव, फक्त आमच्या टीमसाठी.” अशी निवड नसते. मी साड्यांपासून अंतर्वस्त्रांच्या कॅटलॉगपर्यंत कामं पाहिली आहेत. निवड होते ती समोर बसून, दिवसाढवळ्या, दुसरी बाई खोलीत असताना. फोन ठेवून द्या. असे फोटो आधीच पाठवले गेले असतील आणि आता तो धमकावत असेल, तर तुमची चूक झाली म्हणून गुन्हेगार तुम्ही होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ यासाठीच आहे. बाईने असा खाजगी फोटो काढायला होकार दिला होता पण इतरांना दाखवायला दिला नव्हता, तरीही तो पसरवणं गुन्हाच. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. हे वाक्य पोरींनी पाठ करून ठेवावं, कारण “तूच तर पाठवलास ना” असं म्हणणारा पहिला माणूस पुष्कळदा घरातलाच निघतो. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक मोफत सोय इंटरनेटवर आहे. तिथे अठरा वर्षांवरच्या कोणालाही आपल्या खाजगी फोटोची खूण नोंदवता येते. फोटो तुमच्या मोबाइलमध्येच राहतो आणि ज्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत त्या आपल्याकडे तो शोधून काढतात.

हे वाचून कोणी म्हणेल, एवढी जोखीम, तर पोरींनी जाऊच नये. तसं मी मुळीच म्हणत नाही. काम चांगलं आहे. प्रामाणिक आहे, कष्टाचं आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर असताना फुटाळ्याच्या काठावर पैठणी नेसून, कपाळावर घाम न येऊ देता हसायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. अशा कमाईतून कॉलेजची फी भरणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी आपली लीला चिटणीस, पदवीधर, मुलंबाळं असलेली. तेव्हा लोक काय म्हणतील याला उत्तर मिळून ऐंशी वर्षं होऊन गेली. ज्यांना ते अजून कळलं नाही त्यांच्यासाठी पोरीने पाच हजार का सोडावेत?

कोणते कपडे घालायचे तेही तिने ठरवावं, मी नाही आणि शेजारची काकू तर नाहीच. मी एवढंच सांगते. हा फोटो आपल्या चौकात, वडिलांच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि पुढे कधी आपल्याच मुलाच्या शाळेत दिसला, असं डोळ्यांपुढे आणा. पोटात गोळा आला नाही तर बेलाशक करा. आला तर तो कोणाच्या भीतीचा आहे ते बघा. स्वतःला पटत नाही म्हणून आला असेल तर कितीही पैसे मिळोत, नाही म्हणा. आणि “एकदाच” म्हणून करू नका. फोटो एकदाच निघतो, पण दिसत राहतो.

शूटच्या दिवसाबद्दल थोडं. जागा आधी बघून या. गोडाऊनमध्ये शूट असेल तर कपडे बदलायची जागा म्हणजे दोन रॅकच्या मध्ये अडकवलेली चादर असते. तिथे कडी लागणारी खोली मागा. आत गेल्यावर वरच्या फळ्या, आरशाची चौकट, चार्जर लावायची जागा नीट न्याहाळा. मी तर मुलीच्या आधी आत जाते आणि सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवायला लावते, कोणाला राग आला तर येवो. सोबत कोणीतरी न्या. सोबत नको असा आग्रह धरणाऱ्याकडे जाऊ नका. ठरलेल्यापेक्षा वेगळे कपडे पुढे आले तर “हे ठरलं नव्हतं” एवढंच म्हणा. कारण देत बसू नका. निम्मे पैसे आधी आणि उरलेले क्लिपा काढायच्या आत. टीडीएस कापला म्हणत असतील तर तो तुमच्या पॅनवर दिसला पाहिजे. नाही तर तो कापलेला नाही, खाल्लेला आहे. कोणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर एका दिवसाच्या कामालाही २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा लागू होतो. दुकान लहान असेल, त्यांची स्वतःची समिती नसेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची.

मुलांनो, तुम्हीही ऐका. जिमवाल्याने ‘आधी आणि नंतर’चे फोटो काढले, प्रोटीनच्या डब्यावर छापले, हे तुमच्यातही चालतं. आणि क्लासेसची होर्डिंगं! निकाल लागला की नागपूरचे अर्धे खांब पोरापोरींच्या चेहऱ्यांनी भरतात. ॲडमिशनच्या फॉर्मात मागच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते, फोटो आणि नाव जाहिरातीसाठी वापरता येईल म्हणून. फी भरायच्या रांगेत उभं राहून कोण वाचतं? वाचा. नको असेल तर तीही खोडता येते.

लहान मुलांचं काम आलं तर मोठ्यांनी हुरळून जाऊ नये. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने करारच नसतो, सही आईबापाचीच लागते, म्हणून जबाबदारीही तुमचीच. चौदा वर्षांखालच्या मुलाला जाहिरातीत घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. गोड पोरगं बघून “पाच मिनिटांचं तर काम” म्हणणाऱ्याला एवढं ऐकवा. बहुतेक जण तिथूनच काढता पाय घेतात.

आणि एक नवीनच भानगड. हल्ली एका शूटचे चाळीस फोटो घेतात आणि कॉम्प्युटरवर त्याच चेहऱ्याला न नेसलेल्या चारशे साड्या नेसवतात. माझ्या पोटावर पाय, ते सोडा, पण मुलीला बारा साड्यांचेच पैसे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. तो अरिजित सिंग आहे. आपल्याकडे आपला कागद आहे. त्यात लिहा की काढलेल्या फोटोंवरून एआयने नवे फोटो किंवा व्हिडिओ बनवायचे नाहीत, बनवायचे तर वेगळं ठरवायचं, वेगळे पैसे द्यायचे.

मानेवाड्याच्या पोरीने माझ्या ओट्यावर बसून त्या दोन पानांवर पाच ठिकाणी काट मारली. दुकानदाराकडे एकटी गेली नाही, वडिलांना घेऊन गेली. त्याने कागद बघून आधी “काहून इतकं बाप्पा, आपलंच दुकान होय” म्हटलं, मग ‘एक वर्ष’चं ‘दीड वर्ष’ करून घेतलं आणि बाकीच्यावर सही केली. एआयची ओळ त्याने मान्य केली नाही. तिथे तिने पैसे वाढवून मागितले आणि साडेसहा हजारांवर ती ओळ सोडून दिली. शूट येत्या मंगळवारी आहे, सोबत आई येणार आहे. तुमच्याकडे असा कागद आला असेल आणि घरात वाचणारं कोणी नसेल तर शेजारी, कॉलेजात, कुठल्याही वकिलाकडे जा, पण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.